तीन लाखांची गिटार घेण्याआधी जुनीचा नट तपासा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वय ३४, राहणं नाशिकला, नऊ वर्षं एकाच इंडोनेशियन बनावटीच्या गिटारवर वाजवताय. तीन लाख रुपये बाजूला काढलेत आणि गिब्सन लेस पॉल स्टँडर्ड, पीआरएस कस्टम २४ किंवा फेंडरची अमेरिकन स्ट्रॅटोकास्टर यांपैकी एक घ्यायचीय. सराव रात्री मुलगी झोपल्यावर, कॉम्प्युटरच्या टेबलाशी बसून. महिन्यातून एखादा कार्यक्रम, त्यात जुनी हिंदी गाणी आणि थोडा ब्लूज. नाशिकमध्ये या तिन्ही एकत्र बघायला मिळत नाहीत, म्हणून डिसेंबरात न्यू जर्सीहून येणाऱ्या मामेभावाकडून मागवावी का, हेही विचारलंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय की हल्लीच्या गिटारची तिसरी तार सारखी उतरते आणि बारे कॉर्ड (पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरायचा कॉर्ड) धरताना पहिलं बोट दुखतं.

मी बावीस वर्षं गिटारी दुरुस्त करतोय आणि लोकांबरोबर दुकानांत जाऊन त्या निवडून देतोय. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं मूळ त्या शेवटच्या वाक्यात आहे. कुठली कंपनी चांगली, याचं उत्तर सोपं आहे: तिन्ही चांगल्या. अवघड प्रश्न हा, की आत्ताची गिटार तुम्हाला नेमकी कुठे अडवते. ते कळल्याशिवाय तीन लाख खर्च केले तर तीच अडचण नव्या, देखण्या गिटारवरही भेटू शकते.

म्हणून आज रात्रीच दोन गोष्टी करून बघा. पहिली: कुठलीही तार तिसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या वर तारेखाली किती फट उरते ते पाहा. फट केसाएवढी असायला हवी. तिथे पोस्टकार्ड आरामात सरकत असेल, तर नटच्या, म्हणजे मानेच्या (नेकच्या) टोकाशी तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीच्या, खाचा उथळ आहेत आणि तार विनाकारण उंच आहे. दुसरी: पहिल्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि बारे कॉर्ड धरा. कापो लावल्यावर हात एकदम हलका वाटला, तर तुमच्या बोटाचा काही दोष नाही, नेकचाही नाही. दोष नटचा आहे. तिसरी तार उतरते तेही बहुतेक त्याच कारणाने. तार नटच्या खाचेत चिमटली जाते, ट्यूनर (तारेची खुंटी) फिरवताना ‘टिक’ असा आवाज येतो, आणि बेंड केल्यावर, म्हणजे तार बाजूला ओढून सूर चढवल्यावर, ती परत पूर्वीच्या जागी सरकत नाही. हाडाचा नवा नट, फ्रेटची समपातळी आणि नीट सेटअप (तारांची उंची आणि नेकचा वाक यांची जुळणी), एवढं केलं की नऊ वर्षांची गिटार वेगळीच वाटेल.

मिरजेला तंबोरा घ्यायला गेलात तर जवारी लावल्याशिवाय कोणी तो तुमच्या हातात देत नाही. तुम्हीही घेणार नाही. गिटारच्या बाबतीत मात्र आपण खोक्यातून काढलेलं वाद्य म्हणजे तयार वाद्य असं धरून चालतो. ते तसं नसतं, महागड्या गिटारचंही नसतं. जहाजातून किंवा विमानातून येताना, गोदामात पडून राहताना नेक हलतो. माझ्याकडे येणाऱ्या नव्याकोऱ्या महाग गिटारींपैकी बऱ्याच गिटारींचे नट असेच उंच असतात. कारखान्याने तो जाणूनबुजून जरा उंच ठेवलेला असतो, कारण खाच नंतर खोल करता येते, उथळ करता येत नाही.

हे काम झाल्यावर पंधरा दिवस वाजवा. त्यानंतरही जे कमी वाटेल, त्यासाठी नवी गिटार. कदाचित नेकचा आकार हाताला बसत नसेल, कदाचित आवाजात खोली नसेल, कदाचित वरच्या फ्रेटवर हात पोहोचत नसेल. किंवा कदाचित सगळं ठीक असेल आणि तरीही लेस पॉल हवीच असेल. तेही कारण पुरेसं आहे. जी गिटार भिंतीवर बघून उचलावीशी वाटते तीच रोज वाजवली जाते, हे मी शेकडो घरांत पाहिलंय. फक्त स्वतःला ते कारण खरं सांगा. वीस-पंचवीस हजारांवरून लाखाच्या गिटारवर गेलं की फरक खूप जाणवतो. लाखावरून तीन लाखांवर गेल्यावर तो जाणवतो, पण तेवढा नाही. तिथे फ्रेटच्या कडांची घासाई, लाकडाची निवड, फिनिश आणि अमेरिकेतली मजुरी यांचे पैसे आपण भरत असतो.

आता तुमच्या तीन नावांकडे वळतो. सगळ्यात आधी नेक, कारण पिकअप (तारांचं कंपन पकडणारे भाग) बदलता येतात, ट्यूनर बदलता येतात, ब्रिजही (बॉडीवरची घोडी) बदलता येतो. नेक सहसा मिळेल तोच धरून चालायचं.

फेंडरच्या स्ट्रॅटची स्केल, म्हणजे नट ते ब्रिज तारेची वाजती लांबी, २५.५ इंच. गिब्सन लेस पॉलची २४.७५. पीआरएसची मधली, २५ इंच. पाऊण इंचाने काय फरक पडतो असं वाटेल, पण तीच तार त्याच सुराला लावायची तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे लेस पॉलपेक्षा स्ट्रॅटवर सुमारे ६ टक्के जास्त ताण. म्हणूनच पुष्कळ जण स्ट्रॅटला नाइनचा (पातळ तारांचा) सेट लावतात आणि लेस पॉलला टेनचा (जरा जाड तारांचा), आणि दोन्ही हाताला साधारण सारखे लागतात. मींडेसारखे लांब बेंड तुम्ही काढत असाल तर आखूड स्केलवर बोटाला आराम मिळतो. लांब स्केलवर मंद्रातल्या तारा अधिक घट्ट, स्वच्छ बोलतात.

दुसरं म्हणजे फ्रेटबोर्डची (फ्रेट बसवलेल्या पट्टीची) गोलाई. हल्लीच्या अमेरिकन स्ट्रॅटवर ती साडेनऊ इंच, पीआरएसवर १० आणि लेस पॉलवर १२. आकडा जितका लहान तितका फ्रेटबोर्ड फुगीर. फुगीर फ्रेटबोर्डवर बारे कॉर्ड सोपे जातात, पण तारा फार खाली ठेवल्या तर पहिल्या तारेचा मोठा बेंड वरच्या फ्रेटवर जाऊन मरतो. सपाट फ्रेटबोर्डवर उलट. तुम्ही कॉर्ड जास्त वाजवता की सोलो, यावर हे अवलंबून आहे, आणि ते मला इथून ठरवता येणार नाही.

नेकच्या जाडीबद्दल मात्र माझं ठाम मत आहे. हात दुखतो म्हणून पातळ नेक घ्यावा, असा सल्ला तुम्हाला सगळे देतील. माझ्याकडे हात दुखतो म्हणून येणाऱ्यांत निम्म्यांहून जास्त लोक पातळ नेकवाल्या गिटारी घेऊन येतात. पातळ नेकवर तळहाताला टेकायला काही नसतं, मग अंगठा चिमट्यासारखा दाबला जातो. लेस पॉल स्टँडर्ड दोन प्रकारांत मिळते. ‘फिफ्टीज’चा नेक गोल आणि भरलेला, ‘सिक्स्टीज’चा सडपातळ. दोन्ही दहा-दहा मिनिटं धरल्याशिवाय निवडू नका. ज्यांना पातळच हवा असं खात्रीने वाटत होतं, अशा कित्येकांनी शेवटी माझ्यासमोर जाड नेक घेतलाय.

वजन. लेस पॉल स्टँडर्डमध्ये बॉडीचं महोगनी लाकूड आतून पोकळ केलेलं नसतं, त्यामुळे सव्वाचार किलोची लेस पॉल अगदी सामान्य आहे, साडेचारचीही सापडते. स्ट्रॅट साधारण साडेतीन किलोच्या आसपास. दुकानात जाताना बॅगा तोलायचा छोटा डिजिटल काटा खिशात ठेवा आणि पट्ट्याला अडकवून गिटार तोला. दुकानदार हसला तर हसू दे. दोन तासांच्या कार्यक्रमानंतर डाव्या खांद्याला तो आकडा कळतोच.

लेस पॉलबद्दल एक इशारा देणं माझं कर्तव्य आहे. तिचं हेडस्टॉक (खुंट्या बसवलेलं टोक) मागे १७ अंशांनी कललेलं असतं, नेक एकसंध महोगनीचा, आणि नेमक्या सर्वांत बारीक जागी ट्रस रॉड (नेकचा वाक सुधारणारी आतली सळई) फिरवण्यासाठी खोबण कोरलेली असते. स्टँडवरून मागे पडली की तिथेच मोडते. माझ्या बाकावर अशी मोडलेली हेडस्टॉक वर्षातून अनेकदा येतात. चांगली चिकटवली तर वाजते, टिकते, पण विकताना किंमत पार कोसळते. घरात लहान मुलगी आहे, तर लेस पॉल आणलीत तरी ती स्टँडवर ठेवायची नाही. हार्ड केसमध्ये, नाहीतर भिंतीवर उंच. स्ट्रॅटचा मेपलचा नेक चार स्क्रूंनी बसवलेला असतो. मोडलाच तर बदलता येतो.

पिकअप. तुमच्या बाबतीत हा मुद्दा इतरांपेक्षा मोठा आहे, कारण तुम्ही कॉम्प्युटरशेजारी बसून वाजवता. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तारेची वेटोळी. ती तारेचं कंपन पकडते, तशीच आजूबाजूच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही पकडते. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५० च्या दशकात हंबकर तयार केला. त्यात दोन वेटोळी उलटसुलट जोडलेली असतात, गुणगुण एकमेकींत विरते आणि तारेचा आवाज दुप्पट जोमाने येतो. लेस पॉल आणि पीआरएसला हंबकर, स्ट्रॅटला सिंगल कॉइल. स्ट्रॅटचा तो पाण्यासारखा स्वच्छ आवाज दुसरीत मिळत नाही, हेही तितकंच खरं. रात्री हळू आवाजात, गेन (आवाज जाड, फाटका करणारी ॲम्पवरची सोय) थोडा वाढवून वाजवायचं असेल तर गुणगुणीचा कंटाळा येईल, एवढंच सांगतो.

इथे जरा विषय सोडून बोलतो, कारण हे जिवाशी निगडित आहे. गुणगुण फार मोठी असेल आणि तारांना हात लावल्यावर ती एकदम बदलत असेल, तर आधी त्या जागेचं अर्थिंग तपासून घ्या. गणपतीच्या मंडपात, जुन्या हॉलमध्ये मायक्रोफोनला ओठ लागताच बसणारा झटका बहुतेक वेळा अर्थिंग नसल्यामुळे बसतो. ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कधीच मानू नका.

लाकडाने आवाज किती बदलतो, या वादात मी शिरत नाही. माझ्या अनुभवात इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअप, ॲम्प, स्पीकर आणि वाजवणाऱ्याचा उजवा हात यांचा वाटा त्याहून बराच मोठा असतो. एक गोष्ट मात्र सांगायला आवडते: ज्या फ्रेटबोर्डवर कागदोपत्री ‘इंडियन रोझवुड’ लिहिलेलं असतं, ते म्हणजे आपलं शिसव.

पीआरएसबद्दल एक व्यावहारिक खुलासा. कस्टम २४ हे नाव तीन पातळ्यांवर येतं. एसई इंडोनेशियात बनते, एस२ आणि कोर या दोन्ही मेरीलँडमधल्या स्टीव्हन्सव्हिलच्या कारखान्यात. तीन लाखांत नवी कोर बसणार नाही, एस२ बसेल. जाहिरातीतला फोटो कोरचा आणि किंमत एसईची, असं पाहून फसू नका. एसई वाईट गिटार नाही, पण तुम्ही जिथून निघताय तिथून तो छोटा टप्पा ठरेल.

आता माझा मुख्य सल्ला. मॉडेल निवडू नका, नग निवडा. एकाच मॉडेलच्या, एकाच महिन्यात बनलेल्या दोन गिटारींत अर्ध्या किलोचा फरक असतो, एकीचा सूर लांबतो, दुसरीचा लवकर विझतो. एका ओळखीच्या माणसासाठी मीच एकदा न पाहता गिटार मागवली होती. आली ती दिसायला अप्रतिम, पण नेक मागे वाकलेला आणि ट्रस रॉड पूर्ण सैल करूनही सरळ होईना. विक्रेत्याने ‘सेटअपचा भाग आहे’ म्हणत महिनाभर टोलवलं. शेवटी ती तोट्यात विकावी लागली. त्या माणसाचे पैसे माझ्या शब्दावर गेले, हे मी विसरलेलो नाही. तेव्हापासून हातात धरल्याशिवाय मी कुणाला हो म्हणत नाही.

म्हणून एक दिवस मुंबईसाठी काढा. धोबीतलावचं फुर्टाडोज १८६५ पासून आहे, तिथून सुरुवात करा. जाण्याआधी फोन करून नेमकी कोणती गिटार शिलकीत आहे ते विचारा, नाहीतर फेरी फुकट जाते. सोबत स्वतःची जुनी, सेटअप केलेली गिटार न्या, कारण तुलना तिच्याशी करायची आहे, आठवणीशी नाही.

दुकानात पहिली वीस मिनिटं ॲम्प लावू नका. विक्रेता लगेच मोठ्या ॲम्पला जोडून देतो, आणि मोठ्या आवाजात प्रत्येक गिटार छान वाटते. कोरडी वाजवा. बॉडी पोटाशी थरथरते का? प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकेकदा वाजवा आणि सूर लांबू द्या. स्ट्रॅटवर तिसऱ्या तारेला पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विझतो, तो नेकच्या कंपनाचा भाग आहे. थोडा चालेल, पण तुमच्या आवडीच्या सुरावरच तो पडत असेल तर ती गिटार सोडा. मग सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटजवळची फट पाहा. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. फट अजिबात नसेल किंवा ताराच मध्ये टेकत असतील, तर ट्रस रॉड फिरवून ती येते का हे दुकानातच करवून घ्या. पंधराव्या ते सतराव्या फ्रेटवर पूर्ण बेंड काढा. दहा बेंडनंतर सूर तपासा. फ्रेटच्या कडांवरून तळहात वर-खाली फिरवा, टोचायला नको. बसून वाजवा, आणि पट्टा लावून उभं राहूनही वाजवा. हे सगळं झाल्यावर मग ॲम्प, तोही तुमच्या घरच्यासारखाच लहान.

मामेभावाचा मार्ग. किंमत कमी दिसते खरी, पण हिशोब पूर्ण करा. विमानतळावर मोफत मर्यादेच्या वरच्या किमतीवर सीमाशुल्क लागतं, बिल जवळ ठेवून लाल मार्गानेच (माल जाहीर करणाऱ्यांच्या रांगेनेच) यायचं. तिकडे घेतलेल्या गिटारची वॉरंटी इथे वापरणं कठीण जातं, आणि नग निवडणारा हात तुमचा नसतो. मामेभाऊ स्वतः वाजवत असेल आणि दुकानात जाऊन वरच्या सगळ्या चाचण्या करणार असेल, तर विचार करा. शिसवाच्या कागदपत्रांची भीती कोणी घातली तर ती जुनी गोष्ट आहे. २०१७ मध्ये शिसवाच्या संपूर्ण वंशावर आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधनं आली होती, पण २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. अडचण ब्राझिलियन रोझवुडची, म्हणजे जुन्या गिटारींची, ते वेगळ्या यादीत आहे. येताना तारा थोड्या सैल करायच्या, हेडस्टॉकखाली आणि दोन्ही बाजूंनी कापड कोंबायचं. आणि घरी आल्यावर केस सहा-आठ तास उघडायची नाही. लेस पॉलचं नायट्रोसेल्युलोज फिनिश थंडीतून एकदम उबेत आलं की त्याला बारीक तडे जाऊ शकतात.

हेच फिनिश रबराला चिकटतं, म्हणून स्वस्त स्टँडच्या रबरी पकडीत ती ठेवायची नाही. नाशिकच्या उन्हाळ्यात कोरड्या हवेने फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं बाहेर येतात, पावसाळ्यात नेक फुगतो. केसमध्ये एक छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि काटा ४५ ते ५५ टक्क्यांत राहील असं बघा. सिलिका जेल पावसाळ्यापुरतं, उन्हाळ्यात ते काढून टाका.

दुसऱ्याने वापरलेली जुनी गिटार घ्यावी का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तीन लाखांत कोर पीआरएसला हात घालायचा तो हाच एक मार्ग. आठ-दहा वर्षांची, नीट वापरलेली गिटार मला नव्याइतकीच आवडते, लाकूड स्थिरावलेलं असतं. फ्रेट किती झिजलेत ते बघा, आणि नट-हेडस्टॉकच्या मागची जागा तिरप्या उजेडात न्याहाळा, चिकटवल्याची रेघ तिथेच दिसते. गिब्सन असेल तर नकली नगांपासून सावध राहा. खऱ्या गिब्सनच्या ट्रस रॉडवरच्या झाकणाला दोन स्क्रू असतात, नकलीवर पुष्कळदा तीन. खरीचा ट्रस रॉड पितळी षट्कोनी नटने (हा बोल्टवरचा नट, तारांचा नव्हे) फिरतो, नकलीत अनेकदा ॲलन चावीचं भोक असतं. झाकण उघडून दाखवायला विक्रेता तयार नसेल तर तिथून निघा.

पैशांची वाटणी: तीन लाखांतले सत्तर-ऐंशी हजार ॲम्प, हार्ड केस आणि सेटअपसाठी राखा. सध्या तुमच्याकडे सरावाचा लहान ॲम्प आहे. त्यावर नव्या पिकअपचा निम्मा गुण ऐकूच येणार नाही.

तुमच्या वर्णनावरून माझा कल सांगतो. रात्रीचा हळू सराव, कॉम्प्युटरशेजारची जागा, हिंदी गाण्यांत एका ओळीत स्वच्छ आणि पुढच्या ओळीत जाड आवाज लागणं, घरात लहान मूल, हे सगळं धरून मी आधी एस२ कस्टम २४ हातात घेईन. तिचे हंबकर गुणगुणत नाहीत आणि टोनचं बटण ओढून सिंगल कॉइलच्या जवळचा आवाजही काढता येतो. मग अमेरिकन स्ट्रॅट, विशेषतः तिच्या किमतीतून ॲम्पला पैसे उरतात म्हणून. लेस पॉल तिसरी. पण दुकानात एखाद्या लेस पॉलने वीस मिनिटांत तुम्हाला खाली ठेवू दिलं नाही आणि काटा चार किलोच्या आत असेल, तर माझा हा क्रम विसरून तीच घ्या.

त्याआधी जुन्या गिटारचा नट. तो बसवून पंधरा दिवस झाले की बोट अजून दुखतंय का, आणि दुखत असेल तर पहिल्या तीन फ्रेटवर दुखतं की वर, हे कळवा. त्यावरून भरलेला नेक बघायचा की सडपातळ, हे मुंबईला निघण्याआधीच सांगता येईल.